के-ड्रामा बघताना हिरोकडे कमी, जेवणाच्या टेबलाकडे जास्त बघा

के-ड्रामाचा, म्हणजे कोरियन सिरीजचा, विषय निघाला की ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते अगं किती सभ्य हिरो असतात, छत्री धरतात, बुटाची लेस बांधतात, हमसून हमसून रडतात पण, आपल्याकडच्या पोरांनी शिकावं जरा. दुसरी म्हणते कसले डोंबलाचे सभ्य, मनगट धरून ओढत नेतात आणि वर मागे गाणं वाजतं. दोघींचंही खरं आहे, फक्त दोघीही हिरोलाच बघत बसल्यात. हिरो हा विकायचा माल आहे, त्याला दरवर्षी नवीन पॉलिश मारतात. कोरियात बाईच्या वाट्याला काय येतं आणि पुरुषाच्या वाट्याला काय, हे बघायचं असेल तर नजर थोडी बाजूला न्यायला लागते, म्हणजे स्वयंपाकघरात कोण आहे, सासूचा फोन कोणाला येतो, ऑफिसच्या पार्टीत मटण कोण भाजतंय, घर कोणाच्या नावावर झालं. ते कसं बघायचं ते लिहितेय. स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर ओरडू नका.

आधी साल बघा

सिरीज लावण्याआधी ती कुठल्या सालची आहे ते बघायचं. फालतू वाटेल, पण निम्मं काम इथेच होतं. कोरियात २००७ संपेपर्यंत होजू नावाची पद्धत कायद्यात होती, म्हणजे सरकारी नोंदवहीत प्रत्येक कुटुंबाला एक प्रमुख, आणि तो शक्यतो पुरुषच, वडील गेले की प्रमुखपद आईकडे न जाता मुलाकडे, मग तो मुलगा पाळण्यात का असेना. मुलीचं लग्न झालं की तिचं नाव नवऱ्याकडच्या नोंदीत. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे घटनेत बसत नाही असं सांगितलं, मार्चमध्ये संसदेने कायदा बदलला आणि १ जानेवारी २००८ पासून होजू बंद. आणि त्याच २००५ च्या जून-जुलैमध्ये एमबीसी या कोरियन चॅनलवर 'माय नेम इज किम साम-सून' चालू होती, तिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ अशी केक बनवणारी बाई हिरोईन, आणि शेवटच्या भागाला रेटिंग ५० टक्क्यांच्या आसपास. आज बघितली तर वाटतं तीस म्हणजे काय म्हातारी आहे का ही, सारखं काय वय वय लावलंय. पण तेव्हा ती हिरोईन आहे हेच नवीन होतं. साल माहीत नसेल तर आपण २००५ च्या बाईला आजची फूटपट्टी लावतो आणि उगाच चिडतो.

उलटंही होतं हां. जुनं आहे म्हणून सगळं माफ असंही नको. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' २००९ ची, म्हणजे होजू जाऊन वर्ष झालेलं, आणि त्यात श्रीमंत हिरो गु जुन-प्यो त्या ड्रायक्लीनिंगवाल्याच्या पोरीला उचलून आणतो काय, मेकओव्हर काय करतो, शाळेत तिच्या मागे पोरं काय सोडतो, आणि आपण सगळ्या त्याच्या कुरळ्या केसांवर फिदा. (मी पण होते, खोटं कशाला बोलू.) मूळ गोष्ट जपानी मांगाची, म्हणजे कॉमिकची आहे, पण कोरियन प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली तेव्हा तिथल्या आवडीबद्दल काहीतरी कळतंच ना.

मनगट मोजा

हा सगळ्यात सोपा भाग आहे, त्यामुळे नवशिक्यांनी इथून सुरू करा. प्रत्येक वेळी कोणी कोणाचं मनगट धरलं की तीन गोष्टी बघायच्या. ती हात सोडवायला बघते का, आजूबाजूची माणसं काय करतात, आणि म्युझिक कुठलं लागतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाई हात झटकतेय आणि मागे गोड पियानो चालू असेल तर दिग्दर्शक तुम्हाला सांगतोय की हे प्रेम आहे, तिचं ऐकू नका. तोच हात दुसऱ्या कुठल्या सिरीजमध्ये शांततेत धरला, नुसता भांड्यांचा आवाज, तर तिथे तुम्हाला कसंतरी व्हावं हीच अपेक्षा आहे.

दुसऱ्या प्रकाराचं माझं आवडतं उदाहरण 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स', केबीएस, २०१९. दोंगबेक ही एकटीने मुलगा वाढवणारी बाई ओंगसान नावाच्या छोट्या गावात बार चालवते, आणि गावातला एक शेखीखोर गिऱ्हाईक फुकट शेंगदाणे दे, माझ्याबरोबर एक पेग घे असं करत तिच्या हाताशी लगट करतो. ती आवाज न चढवता, जवळजवळ लाजतच, बिल समजावून सांगावं तसं सांगते की या पदार्थाचे इतके, शेंगदाण्यांचे इतके, दारूचे इतके, आणि या पैशात माझं मनगट आणि माझं हसू येत नाही. बस. कोणी हिरो मध्ये पडून ठोसा मारत नाही त्या क्षणी. पोलीसवाला हिरो हे बघतो आणि तिथेच गार होतो. मनगटाचा सीन असाही लिहिता येतो हे कळल्यावर आधीचे पन्नास सीन डोळ्यासमोर येतात.

आणि याच सिरीजमध्ये गावातल्या बायकांवर पण लक्ष ठेवा. सुरुवातीला दोंगबेकला सगळ्यात जास्त टोचतात त्या बाजारातल्या खेकडेवाल्या बायका, आणि पुढे वेळ आल्यावर तिच्याभोवती कडं करून उभ्या राहतात त्याही त्याच. पुरुषसत्ता वगैरे मोठे शब्द वापरायचे नसतील तर नका वापरू, पण ती चालवायला बायकाच कशा लागतात हे बघायला याहून चांगला क्लास नाही.

आता खरं काम: पितरांचं जेवण

कोरियन घर बघायचं असेल तर जेसाचा सीन शोधायचा. जेसा म्हणजे पूर्वजांच्या नावाने मांडायचं ताट, वर्षातून ठरलेल्या तिथीला आणि सणाला, आपल्याकडच्या श्राद्धाच्या स्वयंपाकासारखंच, नियम तितकेच आणि दमणूक तितकीच. रीतीप्रमाणे पूर्वज नवऱ्याचे, नमस्कार करणारे पुरुष, आणि सकाळपासून तेलासमोर बसून भजी-थालीपिठासारखे ते जॉन तळणाऱ्या सुना, म्हणजे ज्या त्या घराण्यात जन्मल्याच नाहीत. सीन दोन मिनिटांचा असतो, कथेत त्याचं काही महत्त्व नसल्यासारखा, पण मी तिथे नेहमी पॉज करते.

'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' (टीव्हीएन, २०१७) घ्या. जी-हो चांगल्या युनिव्हर्सिटीत शिकलेली, मालिका लिहिणाऱ्यांच्या हाताखाली राबणारी मुलगी. धाकटा भाऊ अचानक लग्न करतो आणि राहतं घर त्याचं ठरतं, ती रस्त्यावर. मग ती से-ही नावाच्या एका थंड माणसाच्या घरात भाड्याने राहते, पुढे सोय म्हणून दोघं काँट्रॅक्ट लग्न करतात. या लग्नात कोणी कोणाच्या घरच्यांचं काही करायचं नाही असं ठरलेलं, तरी सासूचा फोन येतो, जेसा आहे, आणि जी-हो जाते. कोणी जबरदस्ती नाही केलेली हां, नाही म्हणता आलं नाही इतकंच. दिवसभर राबते. आता साधी रोमँटिक सिरीज असती तर नवऱ्याने थँक्यू म्हणून हार आणला असता आणि आपण आहाहा केलं असतं. इथे हा माणूस हिशोब करतो. तू माझ्या घरी जितकं राबलीस तितकं मी तुझ्या घरी राबणार, आणि खरोखर नामहेला सासुरवाडीत जाऊन किमजांगला, म्हणजे हिवाळ्याच्या किमचीच्या घाऊक कार्यक्रमाला बसतो, कंबर मोडेस्तोवर. प्रेमापेक्षा हिशोब बरा वाटावा असा सीन मी तरी दुसरा बघितलेला नाही.

मग 'क्वीन ऑफ टिअर्स', २०२४. पटकथा पार्क जी-उन यांची, शेवटच्या भागाला रेटिंग २४.८ टक्के, टीव्हीएन चॅनलचा विक्रम. पहिल्याच भागात अब्जाधीश होंग घराण्याचा जेसा आहे आणि स्वयंपाकघरात उभे आहेत घरचे जावई! सगळे बड्या डिग्रीवाले, बाह्या सरसावून तळतायत, सजवतायत आणि कुजबुजतायत की पूर्वज होंगांचे आणि इथे राबणाऱ्यांत एकही होंग नाही. प्रेक्षक हसून लोळतात. हसून झालं की एकच करा, त्या जावयांच्या जागी सुना ठेवून सीन परत बघा. एकदम साधा, रोजचा, कोणाला हसू न येणारा सीन होतो. विनोद कुठून आला ते लगेच समजतं. ही अदलाबदलीची युक्ती कुठल्याही सीनला लावता येते, हिरो-हिरोईनच्या जागा मनातल्या मनात बदलायच्या आणि सीन विचित्र वाटतो का बघायचं.

तिसरं 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स', २०२५, जेजू बेट. इथे तर टेबलच दोन आहेत. पुरुष एका टेबलाला, बायका आणि लहान मुलगी दुसऱ्या बाजूला. ग्वान-सिक, आए-सुनचा नवरा, बोलणारा माणूस नाहीच मुळी, तो जेवता जेवता बसल्या जागी वळतो, पुरुषांकडे पाठ आणि बायकोकडे तोंड, आणि जेवायला लागतो. भाषण नाही, भांडण नाही, फक्त मांडी अर्धी फिरवली. आणि अख्खं घर हादरतं. यात हिरो चांगला आहे हे तर दिसतंच, पण त्याच्यापेक्षा जास्त बघायचं ते हादरणाऱ्यांना. कोण पहिलं बोलतं, कोणाचा चमचा थांबतो. आणि हेही लक्षात ठेवा की असं वळून बसायची मुभा त्याला होती, आए-सुन उठून पुरुषांच्या टेबलाला बसली असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

याच सिरीजमध्ये आए-सुनची आई हेन्यो आहे, समुद्रात डुबकी मारून शिंपले-अबालोन काढणारी. जेजूत या बायका घर चालवायच्या, कमवायच्या त्या, आणि तरी पंगतीत त्यांची जागा तीच. बाई कमवायला लागली की सगळं बदलतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर बघावं.

ऑफिसात गेल्यावर

इथे दोन जागा बघायच्या, पार्टी आणि राजीनामा. ऑफिसनंतरच्या जेवणाला होएसिक म्हणतात, म्हणायला मर्जीचं पण न जाऊन चालत नाही. 'समथिंग इन द रेन' सगळ्यांना त्या छत्रीसाठी आणि वयाने लहान हिरोसाठी आठवते, पण हिरोईन जिन-आचं ऑफिसातलं टोपणनाव आठवतंय का? टॅम्बरिन. कारण कराओकेत साहेबांचं गाणं चालू असताना ती हसत हसत डफली वाजवत उभी असते, मांस भाजायला पण तीच, साहेबाच्या शेजारी बसायला पण तीच. मग एक दिवस ती भाजणं बंद करते. सिरीज जेटीबीसीवर मार्च २०१८ ला आली आणि त्याच चॅनलच्या बातम्यांत २९ जानेवारी २०१८ ला सरकारी वकील सो जी-ह्यन यांनी वरिष्ठाने केलेल्या छेडछाडीबद्दल उघड मुलाखत दिली होती, कोरियातली मी-टू तिथून पेटली. त्यामुळे तो डफलीचा धागा तिथल्या बायकांनी कसा बघितला असेल विचार करा. आणि शेवटही बघा, तक्रार करणाऱ्या जिन-आची बदली आडबाजूच्या ठिकाणी होते. प्रेमकथेच्या नादात हा धागा आपण फास्ट फॉरवर्ड करतो, तिथेच करू नका.

राजीनाम्यासाठी 'एक्स्ट्राऑर्डिनरी अॅटर्नी वू' चा १२ वा भाग. विमा कंपनी कर्मचारी कमी करतेय, नवरा-बायको दोघंही तिथेच असतील तर एकाने जायचं, कोणी ते लिहिलेलं नाही, पण बायकोने राजीनामा दिला नाही तर नवऱ्याचं नुकसान होईल असं वागायचं. म्हणजे जाणार बायकोच. हे डोक्यातून काढलेलं नाही, १९९९ मध्ये, आशियाई आर्थिक संकटानंतर, नोंगह्योप या शेतकरी सहकारी संघात अशीच केस झाली होती. आणि आपली लाडकी वू यंग-वू कोणाच्या बाजूने कोर्टात उभी आहे? कंपनीच्या! ती आवडती असल्यामुळे आपण पण पटकन तिकडे झुकतो, हे त्या भागाचं कसब आहे.

'रोमान्स इज अ बोनस बुक' (२०१९) मधली दान-इ पण इथेच बघून घ्या, एकेकाळी जाहिरातीत हुशार, मग लग्न, मूल, घटस्फोट, आणि आता मधल्या वर्षांमुळे कोणी घेत नाही म्हणून डिग्री लपवून प्रकाशन संस्थेत पडेल ते काम करणारं पद घेते. डिग्री खोटी दाखवणारे खूप बघितले, लपवणारी ही एकच.

सासूला व्हिलन म्हणून सोडू नका

श्रीमंत हिरोची आई पाकीट सरकवते, पाणी फेकते, आपण तिला शिव्या देतो आणि पुढे जातो. थांबा की जरा. तिचा नवरा कुठे आहे? बहुतेक वेळा तो पेपर वाचतोय नाहीतर परदेशी मीटिंगला. घराण्याचं नाव त्याचं, ते राखायची घाणेरडी कामं हिची. 'स्काय कॅसल' (२०१८-१९) बघताना तर हा प्रश्न प्रत्येक सीनला विचारायचा, कारण तिथे आयांचा दर्जा मुलांच्या मार्कांवर ठरतो आणि बाप फक्त निकाल लागल्यावर ओरडायला घरी येतात.

'डॉक्टर चा' (२०२३) मध्ये चा जंग-सुक डॉक्टरकी शिकून वीस वर्षं घर सांभाळत बसलेली. तिचं लिव्हर जातं, सर्जन नवऱ्याचं जुळतं, आणि नवरा द्यायला कचरतो आणि सासू तर पोराच्या पोटाला हात लावू द्यायला तयार नाही. कॉमेडी सिरीज आहे ही! बरी झाल्यावर ती नवऱ्याच्या कार्डावर आधी दणकून खरेदी करते आणि मग परत रेसिडेन्सीला, म्हणजे शिकाऊ डॉक्टर म्हणून हॉस्पिटलात जाते. आई-मावशीबरोबर बघायला ही सगळ्यात भारी, मधे मधे त्या ज्या कमेंट करतात त्यासाठी तरी.

पुरुषांचं पण बघाच

हे थोडक्यात. कोरियात मुलग्यांना सैन्यात जावंच लागतं, आर्मीत साधारण १८ महिने, आणि तिथे पुरुष कसा बनवला जातो ते 'डी.पी.' (२०२१) मध्ये आहे, पोट घट्ट करून बघा. दुसरं ओझं घराचं. वर सांगितलेला से-ही बायको करायला तयार नाही कारण त्याच्या डोक्यावर २०४८ पर्यंतचं घराचं कर्ज आहे. म्हणून हिरो चेबोलचा, म्हणजे बड्या उद्योग घराण्याचा, वारस असला की समजायचं, पैशाचा प्रश्न लेखिकेने पहिल्याच पानावर पुसून टाकला, आता फक्त भावना उरल्या. हिरोला पगारी नोकरी असेल त्या सिरीजमध्ये बाई-पुरुषांचं जास्त खरं सापडतं असा माझा अनुभव.

मुलीने मुलाचे कपडे घातले की

'कॉफी प्रिन्स' (२००७), 'सुंगक्युनक्वान स्कँडल' (२०१०) वगैरे. इथे सगळे विचारतात त्याला कधी कळणार. तुम्ही विचारा की कपडे बदलल्यावर तिला मिळालं काय. एकीला नोकरी, कारण कॅफेत फक्त पोरंच घेतात, दुसरीला शिक्षण, कारण विद्यापीठात मुलींना प्रवेशच नाही. आणि गुपित फुटल्यावर ते मिळालेलं टिकतं का? कॉफी प्रिन्सची उन-चान शेवटी कॉफी शिकायला इटलीला जाते, हिरो वाट बघतो. २००७ च्या मानाने झकास.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

एक, ऐतिहासिक सिरीजला इतिहास समजू नका. दूरदर्शनवर २००६ मध्ये 'घर का चिराग' नावाने हिंदीत लागलेली आठवतेय का कोणाला, राजवाड्याच्या स्वयंपाकघरातली मुलगी पुढे राजाची वैद्य होते ती? तीच 'दे जांग गम'. जांग-गम नावाच्या वैद्य बाईचे उल्लेख जोसन या जुन्या कोरियन राजवटीच्या राजदफ्तरात आहेत, पण राजवाड्यात स्वयंपाकाचं बरंच काम पुरुष आचारी करायचे. तो बायकांनी भरलेला भटारखाना २००३ च्या टीव्हीने रंगवलेला आहे, तेव्हाच्या प्रेक्षक बायकांसाठी.

दोन, सिरीजवरून अख्ख्या देशाचा निकाल लावू नका, दोन्ही बाजूंनी. पडद्यावर बायका कंपनीच्या मालकिणी, वकील, सर्जन. पण पगारातली बाई-पुरुष तफावत ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या गटात सगळ्यात जास्त कोरियातच, २०२२ मध्ये साधारण ३१ टक्के, आणि जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ वर आला होता. पडद्यावरचा नवरा भांडी घासतो तेव्हा ती बऱ्याचदा इच्छा असते, वस्तुस्थिती नव्हे. लिहिणाऱ्यांत बायका भरपूर आहेत हेही ध्यानात ठेवा, त्यामुळे एकाच लेखिकेच्या जुन्या-नव्या सिरीज लागोपाठ बघायला मजा येते. किम उन-सुक यांची 'सीक्रेट गार्डन' (२०१०) बघा, ज्यात हिरोची जबरदस्ती गोड म्हणून खपवलीय, आणि मग त्यांचीच 'द ग्लोरी' (२०२२-२३), ज्यात सूड बाई घेते आणि हिरो तिच्या मदतीला असतो.

सुरुवात करायची तर वीकेंडला 'फर्स्ट लाइफ' लावा, हळू आहे पण धीर धरा, मग 'कॅमेलिया', मग 'टँजरिन्स' आणि रुमाल. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' सगळ्यात शेवटी, मैत्रिणी जमवून, मनगटं मोजत. सबटायटल मूळ आवाजाबरोबरच ठेवा, हिंदी डबिंगमध्ये कोण कोणाशी अदबीने बोलतंय आणि कोण एकेरीवर आलंय ते पार सपाट होतं. आणि दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण जेवणाच्या सीनला अजिबात दाबू नका.